उनासी की नवासी

“भाऊ, आमच्या प्रिंटरातून परक्यायच्या डोयाचे कागद निघून राह्यले,” अन्नपूर्णाबाई फोनवर म्हणाल्या. मंगळवारची दुपार होती. नांदुऱ्याच्या स्टेशन रस्त्यावर एका सरकी-ढेपेच्या दुकानाच्या माथ्यावर आमची दोन खोल्यांची कचेरी आहे. तिथे मी आणि भिंतीला टेकलेली काळी यंत्रे, इतकेच असतो. मला ते वाक्य कळले नाही, आणि न कळलेल्या प्रत्येक वाक्याला मी जन्मभर जे उत्तर देत आलो तेच दिले. मी ‘हो’ म्हणालो. “हो काय म्हनता? पाच कागद निघाले. नावं हायेत, गावं हायेत. डावा डोया, उजवा डोया. आमी इथं बियाणं इकतो बापा, डोये नाई.” त्या हसल्या. हसण्यात काहीच नव्हते, पण आपल्या हातून काहीतरी चुकले आहे हे मला कळले. एसटीत डुलकी लागलेल्या माणसाला आपले गाव मागे गेल्याचे डोळे उघडण्याआधी अंगानेच कळावे, तसे.

अन्नपूर्णाबाई बीबीला एका बियाणे कंपनीच्या आगारात कंत्राटावर काम करतात. कुलूप उघडणे, झाडलोट, आलेल्या पोत्यांवर नजर ठेवणे आणि प्रिंटरमधून निघालेले कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवणे. माहेर आमच्या बाजूचे, जळगाव जामोदकडचे. म्हणून लोणार तालुक्यात तीस वर्षे काढूनही त्यांची बोली तिथल्या बोलीत विरघळलेली नाही. त्या आगारातले यंत्र मी बसवले आहे. त्यावर माझ्या नावाची आणि नंबराची पट्टी मीच चिकटवली, आणि त्या पट्टीवर विश्वास ठेवून त्यांनी मला फोन केला, साहेबांना नाही.

माझे काम करून दाखवायला सोपे आणि समजावून सांगायला अवघड आहे. एकाच तारेवरून अनेक कंपन्यांची माहिती जाते. प्रत्येक कंपनीला वाटते की रस्ता तिचा एकटीचा आहे, आणि तसे वाटू देणे, तसे खरोखरच असू देणे, हा आमचा धंदा आहे. माझे आईवडील भाजीपाला पिकवतात. आई, सोजराबाई, वांग्यांच्या क्रेटला चिठ्ठी बांधते. गाडीवाला, आडत्याचा माणूस, पुढचा ट्रकवाला, यांतला कुणीही क्रेट उघडत नाही. चिठ्ठी पाहतो, ती फाडतो, पुढच्या टप्प्याची नवी बांधतो. आमची यंत्रे हेच करतात. कडेचे यंत्र माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर एक आकडा चिकटवते. मधली यंत्रे फक्त तो आकडा वाचतात, बदलतात आणि पुडके पुढे ढकलतात. आत काय आहे हे त्यांना ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यायचेही नसते. या न पाहण्याच्या सभ्यतेवर माझे मन जडले होते. लोकांनी माझ्याकडे पाहू नये असे ज्याला लहानपणापासून वाटत आले, त्याला असा धंदा मिळणे हे भाग्यच. कडेच्या यंत्रात मात्र प्रत्येक ग्राहकाची वेगळी वही असते. दोन वेगळ्या वह्यांत अगदी एकच पत्ता असला तरी बिघडत नाही, जशी दोन गावांत एकाच नावाची दोन माणसे. एवढेच पाहायचे की एका वहीत दुसऱ्या वहीचा क्रमांक पडता कामा नये. तो पडला, की दोन गावे एक होतात आणि टपाल कुणाच्याही दारात जाऊन पडते.

यंत्रात शिरून मी बीबीच्या आगाराची वही उघडली. खाली, शेवटून दुसऱ्या ओळीत, मीच तीन आठवड्यांपूर्वी लिहिलेला आकडा होता. एकोणनव्वद. समोर तारीख, वेळ आणि माझे नाव. एकोणनव्वद हा डोळ्यांच्या एका धर्मादाय रुग्णालयाचा क्रमांक होता. त्याचे एक केंद्र मेहकरला आहे. आदल्याच दिवशी, सोमवारी, तिथे नवा प्रिंटर आला होता आणि त्याला योगायोगाने बीबीच्या प्रिंटरचाच पत्ता मिळाला होता. दोन वह्या वेगळ्या असत्या तर ते कुणाच्या कधी लक्षातही आले नसते. मी ओळ पुसली. चार सेकंद लागले. नंतर कितीतरी वेळ मी पडद्यावरच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहत होतो आणि खालून ढेपेचा आंबूस, ओला वास जिन्याने वर येत होता.

तीन आठवड्यांपूर्वीचा तो फोन. पुण्याच्या मुख्य कचेरीतून, एकाच वेळी अकरा माणसे जोडलेली. बियाणे कंपनी खामगावला तपासणीची प्रयोगशाळा काढणार होती. तिचा वेगळा क्रमांक बीबीच्या वहीत आधीच लिहून ठेवायचा होता. हिंदी बोलणारा एक सहकारी याद्या वाचून दाखवत होता. त्याने क्रमांक सांगितला आणि मधे खरखर झाली. मी म्हणालो, “मले ऐकू नाई आलं.” ते शब्द माझ्या तोंडून कसे गेले, मला कळले नाही. मी एरवी फार जपतो. माझ्या आतही दोन वह्या आहेत: एक घरची, एक पुण्याशी बोलण्याची. पुण्याशी बोलायच्या आधी मी वाक्य मनात दोनदा म्हणून पाहतो, त्यातले सगळे ‘ले’ वेचून काढतो, तांदळातले खडे काढावेत तसे. त्या दिवशी एक राहिला. कुणीतरी हसले, आणि कुणीतरी ‘मले’ हा शब्द सावकाश पुन्हा म्हणून पाहिला, जणू जिभेवर ठेवून चव घेत होते. दुष्टपणा नव्हता त्यात. दुष्टपणा असता तर मला राग आला असता आणि रागाने कदाचित माझे कान उघडले असते. सहकाऱ्याने क्रमांक पुन्हा सांगितला. उनासी म्हणाला की नवासी? बाजारात आम्ही अर्धी हिंदी बोलतो, पण मोजतो मराठीत. हे दोन आकडे माझ्या कानात नेहमीच एकमेकांच्या घरात राहत आले आहेत. उनासी म्हणजे एकोणऐंशी, नवासी म्हणजे एकोणनव्वद. ‘सात-नऊ की आठ-नऊ’ एवढेच विचारायचे होते. अकरा माणसे वाट पाहत होती. मी “हाँ जी” म्हणालो, आणि नवासी लिहिले. प्रयोगशाळा अजून उघडलेली नव्हती, म्हणून तिच्याशी जोडणी झालेलीच नाही हे बीबीला कळण्याचे कारण नव्हते.

मंगळवारी ओळ पुसल्यावर मी अन्नपूर्णाबाईंना फोन केला आणि ते कागद फाडून टाका म्हणालो. “फाडू कशाले? एक तं आमच्या शेजारच्या तानुबाईचा हाय. शुक्रवारी सकाळी आठ वाजता, डावा डोया. दोन मयने झाले म्हातारी तारखेची वाट पाहून राह्यली. हा कागद मेहकरले निघाला असता तं तिले निरोप भेटला असता. आता कोन सांगन तिले? देऊन येते मी.” मी ‘हो’ म्हणालो. मग पुण्याला दोन ओळींची मेल लिहिली: माझ्याकडून चुकीचा क्रमांक पडला होता, काढला आहे. ती मी पाठवली, हे मला इथे नोंदवू द्या.

शुक्रवारी तानुबाई कागद घेऊन मेहकरला गेल्या. डोळ्याचे ऑपरेशन झाले. पण तारखेची चिठ्ठी बियाणे कंपनीच्या कागदावर होती. वरच्या कोपऱ्यात हिरवा कोंब, खाली ‘अधिक उगवण, अधिक उत्पन्न’. रुग्णालयातल्या कुणीतरी तो कोंब पाहिला आणि चौकशी सुरू झाली, आमच्या रुग्णांची नावे बियाण्याच्या दुकानात कशी गेली म्हणून. प्रश्न रास्त होता. माझा डोळा असता तर मीही विचारला असता.

सोमवारी योगिनी मॅडमचा पुण्याहून फोन आला. त्या माझ्या वरिष्ठ. त्यांचा आवाज नेहमीच मऊ असतो, घडी घातलेल्या कापडासारखा. “हरिओम, तुझी मंगळवारची मेल मी पाहिली. ती मी पुढे पाठवलेली नाही. रुग्णालयाला लेखी कारण हवंय, बियाणे कंपनीलाही हवंय. दोन्ही करार आपलेच. कारण आपल्याकडचं निघालं तर दोन्ही जातील, आणि तूही जाशील. ग्राहकाच्या जागेवरचं निघालं तर कुणाचंच काही बिघडत नाही. मी मसुदा पाठवलाय. उद्या बीबीला जा, त्या बाईंची सही घे, खाली तुझी कर.” मसुद्यात लिहिले होते: आगारातील कंत्राटी महिला कर्मचाऱ्याने साफसफाई करताना यंत्राची तार चुकीच्या जागी जोडली, तसेच प्राप्त झालेले कागद परस्पर बाहेर दिले. मी म्हणालो, “तार कुणी हलवलीच नव्हती.” इतक्या हळू म्हणालो की त्यांनी “काय?” विचारले, आणि मी म्हणालो, “काही नाही.”

बीबीपर्यंतचा रस्ता लांब आहे. खामगाव, चिखली, हिवरा आश्रम, मेहकर. प्रत्येक ठिकाणी काही माणसे उतरतात, काही चढतात. मसुदा माझ्या पिशवीत होता आणि पिशवी मांडीवर. खिडकीबाहेर तुरीची शेते पिवळी पडत होती. मला चौथीचा वर्ग आठवत होता. गुरुजी फळ्याकडून वळून विचारायचे, समजलं का रे? सगळा वर्ग हो म्हणायचा आणि त्या हो-मध्ये माझा एक पोकळ हो मिसळलेला असायचा. एकदा गुरुजींनी मला एकट्यालाच विचारले. मी हो म्हणालो. मग काय समजलं ते सांग, असे ते म्हणाले नाहीत. पुढच्या मुलाकडे गेले. तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले होते. हिवरा आश्रमाच्या थांब्यावर बस उभी असताना मला पहिल्यांदा असे वाटले, की ते सुटणे नव्हतेच. त्या दिवशी मला तिथेच अडकवून कुणीतरी दोन प्रश्न विचारायला हवे होते. मी ज्याला लाजाळूपणा म्हणत आलो, ज्याच्यावर वहीच्या मागच्या पानांवर कविता केल्या, पावसाळी संध्याकाळी ज्याचे स्वतःशीच लाड केले, त्याची किंमत आजवर माझी मीच चुकती करतो असे मी धरून चाललो होतो. आता ती दुसऱ्या कुणाच्या नावावर फिरवली जात होती आणि तो कागद पोचवायला मीच निघालो होतो, मधल्या यंत्रासारखा, आत न पाहता. पण मी आत पाहिले होते. मेहकर सुटल्यावर मी पिशवी उघडून मसुदा पुन्हा वाचला. ‘परस्पर’ या शब्दावर माझी नजर अडली. तारेची गोष्ट सरळ खोटी होती. खोट्याला निदान खोटे म्हणता येते. पण कागद दिले होते हे खरे, आणि त्या खऱ्याला या एका शब्दाने चोरीचा वास लावला होता. मला राग आला. तो किती अनोळखी होता! छातीत कुणीतरी खुर्ची सरकवून बसावे तसा तो बसला आणि सुलतानपूर गेले, बीबी आली, तरी उठला नाही.

आगाराच्या दारातच अर्जुनराव भेटले. आगाराचे ते व्यवस्थापक, पन्नाशीचे, बोलके, मूळचे आमच्याच बाजूचे. “या, इंजिनीअर साहेब! आमच्या बाईनं झाडू मारता मारता मेहकर अन् बीबी एक केलं म्हंते! सरकारले जे जमलं नाई ते तिनं केलं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “सही झाली का मंग सोमवारपासून दुसरी बाई ठेवा, असा वरून फोन हाय. सात वर्षं झाले तिले इथं. माह्या हातात काय हाय, तुमीच सांगा.” आत सोयाबीनच्या बियाण्याच्या थप्प्या होत्या आणि औषध चोळलेल्या दाण्यांचा तिखट, गुलाबी वास. अन्नपूर्णाबाई थप्पीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मसुदा माझ्या हातातून घेतला, बाजारातला चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, प्रत्येक शब्द वेगळा धरून. “‘तार चुकीच्या जागी.’ कोन्ती तार? तुमीच म्हतलं होतं ना, ‘मावशी, या डब्ब्याले हात लावू नका’? मी त्याच्यावर फडकंबी मारत नाई. पाहा, केवढी धूय बसली.” खरेच, यंत्रावर धुळीचा अखंड, मऊ थर होता आणि तारेच्या टोकाभोवतीही तो तुटलेला नव्हता.

“तार कोनी हलवली नाई,” मी म्हणालो. “आकडा मी चुकवला.” मी फोन काढला, योगिनी मॅडमना लावला आणि स्पीकर चालू करून तो पोत्यावर ठेवला. मीही शेजारच्या पोत्यावर बसलो. “मॅडम, मी या कागदावर सही करत नाई. बाईलेबी करू देत नाई.” “हरिओम, तुझ्याबरोबर तिथे कोण आहे?” “अर्जुनराव हायेत. अन्नपूर्णाबाई हायेत.” “फोन उचल आणि बाहेर जा.” “नाई मॅडम. जे बोलायचं ते इथंच बोला.” त्यांचा आवाज अजून मऊच होता. “अरे, कुणावर आरोप करत नाही आपण. कारणाचा रकाना भरायचा आहे फक्त. त्या बाईंना दुसरं काम मिळेल. तुझं नाव एकदा असं लेखी गेलं की या क्षेत्रात पुन्हा कुणी उभं करणार नाही तुला. कळतंय का?” अंगात भीती होती, ती गेली नव्हती, आणि ती गेल्यावर बोलू असे ठरवले असते तर मी अजूनही तिथे बसलेला असतो. “हाव,” मी म्हणालो. “कयते. तरीबी मीच लिहितो.” आणि फोन बंद केला. अर्जुनरावांनी खिशातून पुडी काढली, ती न उघडताच पुन्हा आत ठेवली आणि म्हणाले, “पोरा, तू तं येडाच निघाला बे.”

टेबलावर हिरव्या कोंबाचे कोरे कागद होते. एक ओढून मी लिहू लागलो. बीबी येथील आगाराच्या यंत्रात रुग्णालयाचा क्रमांक मी लिहिला. अमुक तारखेला, अमुक वाजता. आगारातील कोणत्याही व्यक्तीने यंत्राला अथवा तारेला स्पर्श केलेला नाही. मूळ कारण: मला सांगितलेला आकडा नीट ऐकू आला नाही. तिथे थांबलो. एवढे पुरेसे होते. खरखर, फोन, दोन भाषा, कुणीही समजून घेतले असते. मग पुढे लिहिले: पुन्हा विचारण्याची मला लाज वाटली. कार्यालयीन कागदावर तो शब्द अंगावरचे कपडे काढल्यासारखा दिसत होता. मी खाली सही केली आणि कागद अन्नपूर्णाबाईंकडे दिला. मनात कुठेतरी, हे कबूल केले पाहिजे, मी आभाराची वाट पाहत होतो.

त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. “चांगलं लिव्हलं. पन याच्यात मी कुठी हावो?”

“तुमचा काई संबंधच नाई, मावशी. तुमाले बाहेर ठेवलं.”

“बाहेर? काऊन? तुमचा आकडा तुमी लिव्हला, बरोबर. पन कागद तं मी देल्ला. चोरून नाई देल्ला. दिवसा, तिच्या वसरीत बसून, चष्मा लावून वाचून देल्ला. बाकीच्या चौघायलेबी निरोप धाडला. ते तुमी खाऊनच टाकलं.”

“अवो बाई,” अर्जुनराव म्हणाले, “नोकरी वाचून राह्यली तुमची, अन् तुमी सोताच मान पुढं करून राह्यल्या. दवाखान्याचे कागद दुसऱ्याले देनं गुन्हा असते म्हंते.”

“असन. तं तसं म्हना मले, तोंडावर. मंग मी सांगन तानुबाईचा डोया कसा झाला ते.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “अन् त्या पुन्यावाल्या बाईनं मले नसलेल्या तारेत घातलं. तुमी मले कुठीच नाई घातलं. माह्यासाठी दोन्ही सारखंच.”

इतका वेळ छातीत बसलेला राग मी माझा समजत होतो आणि त्याच्या उजेडात स्वतःला जरा उंच पाहत होतो. आता मला दिसले, की माझ्या या शूर कागदावरही एका माणसाने केलेली एकमेव चांगली गोष्ट मी सभ्यपणे वगळली होती. वाचवण्याच्या नावाखाली तिच्यावर एक आकडा चिकटवून तिला पुढे ढकलले होते. मी पेन उघडले. “सांगा, मावशी. तुमी सांगान तसंच लिहितो.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि थप्प्यांकडे पाहत सांगू लागल्या. बाहेरून ट्रॅक्टर जात होता. मी हात वर करून त्यांना थांबवले, ट्रॅक्टर जाऊ दिला, गेलेला शब्द पुन्हा विचारून घेतला. ‘हातोहात’ म्हणाल्या होत्या त्या. तानुबाईचा कागद मी तिला हातोहात दिला, कारण तिच्या डोळ्याची तारीख त्याच्यात होती आणि ती कळवायला दुसरं कोणी नव्हतं. पुन्हा असा कागद निघाला तर पुन्हा देईन. मी ते वाचून दाखवले. ‘पुन्हा देईन’वर अर्जुनरावांनी कपाळावर हात मारला. “तेवढं तरी काढा ना!”

“तेच तं मुद्द्याचं हाय,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली: अन्नपूर्णाबाई निवृत्ती वायाळ, सगळे नाव, रेघेवर, शाळेतल्यासारखे गोल अक्षर. ओळीत जागा पुरली नाही तेव्हा ‘वायाळ’ माझ्या सहीवरून गेले. मी कागदाचा फोटो काढला. मी मेलमध्ये पत्ते लिहीत असताना अर्जुनराव माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. “आधी पुन्याले एकट्याले पाठवा,” ते कुजबुजले, “ते काय म्हंतात ते पाहू, मंग बाकीच्यायले.”

टेबलावर पुण्याचा फोन वाजायला लागला होता. अन्नपूर्णाबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि पडद्यावरचे पत्ते बोट ठेवून वाचले: पुणे, बियाणे कंपनी, रुग्णालय.

“तिघायलेबी,” त्या म्हणाल्या. “एकाच वक्ती.”